जन्मठेप जन्माची; मग सुधारणेला किंमत काय?

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असा आपल्या वस्त्यांत सर्रास समज आहे. तो साफ चुकीचा आहे. १९६१ साली गोपाळ गोडसे याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. सूट द्यायची की नाही हे सरकार ठरवील. तोच गोडसे १९६४ साली सरकारच्या मेहेरबानीने बाहेर आला! खुनासारख्या गुन्ह्यातील जन्मठेपेत किमान चौदा वर्षे तुरुंगात काढण्याची सक्ती १९७८ साली आली. त्यानंतरही सुटका नाही, फक्त सुटकेचा विचार.

हा विचार कसा होतो? केरळमधील एक कैदी २६ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. वर्तणूक चांगली, सल्लागार मंडळाची शिफारसही झालेली. तरी गुन्ह्याकडे बोट दाखवून सरकार नकार देत राहिले. अखेर तो कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात गेला. बाबासाहेबांनी ज्याला संविधानाचा आत्मा म्हटले, तेच हे कलम. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. माणूस किती बदलला हे न पाहता केवळ जुना गुन्हा पाहणे कलम १४ आणि २१ मध्ये बसत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

कार्यकर्ते विचारतात, मग खैरलांजीच्या दोषींनाही सोडायचे काय? प्रश्न रास्त आहे. पण विचार होण्याचा हक्क म्हणजे सुटकेचा हक्क नव्हे. बिल्कीस बानो प्रकरणात अधिकार नसलेल्या गुजरात सरकारने ११ दोषींना सोडले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना परत तुरुंगात धाडले. बुद्धाने अंगुलिमालाला संघात घेतले, ते त्याने शस्त्र टाकल्यावर. कसोटी एकच हवी, आणि ती सर्वांना सारखी हवी.

आज ती तशी नाही. वजनदाराची फाईल धावते, गरिबाची धूळ खाते. तुरुंगांत दलित-आदिवासींचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. त्यांच्या घरच्यांना अर्ज कुठे करायचा हेच ठाऊक नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राज्याचे धोरण असेल तर पात्र कैद्याचा विचार अर्जाविनाही सरकारने केलाच पाहिजे.

बांधवांनो, हा निकाल कागदावर राहता कामा नये. आपल्या वस्तीतील अशा घरी जा, शिक्षेची तारीख विचारा, विधी सेवा प्राधिकरण गाठा. सूट ही सरकारने घातलेली भीक नव्हे.