ज्येष्ठ गायकांचे नवे गीत : स्ट्रीमिंगच्या काळातील प्रसाराचे मार्ग

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
– एकल गीत ही संकल्पना मराठी संगीतव्यवहाराच्या संदर्भात स्पष्ट करता येईल;
– ध्वनिमुद्रिका ते स्ट्रीमिंग या प्रवासात श्रोता, कलावंत आणि कंपनी यांच्या संबंधात झालेला बदल सांगता येईल;
– ज्येष्ठ कलावंत नव्या गीताच्या प्रसारासाठी कोणते मार्ग वापरतात, हे सोदाहरण मांडता येईल;
– या व्यवहारातील उत्पन्न, हक्क आणि धोके यांचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

बुलढाण्याजवळ पैनगंगेच्या काठी वसलेल्या देऊळघाटमधील एखाद्या श्रोत्याचा विचार करा. चाळीस वर्षांपूर्वी त्याला नवे गाणे ऐकायचे असेल तर तीन वाटा होत्या : आकाशवाणी, लग्नमांडवातील वा जत्रेतील कर्णा, आणि शहराच्या बाजारातून आणलेली कॅसेट. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले गीत त्याच्यापर्यंत पोहोचायला आठवडे लागत. कधी ते पोहोचतही नसे. आज तेच गीत मुंबईत, दुबईत आणि देऊळघाटात एकाच क्षणी उपलब्ध होते. अंतर संपले आहे. मात्र उपलब्ध होणे आणि ऐकले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असंख्य गाणी हाताशी असताना श्रोत्याने नेमके हेच गाणे का लावावे, हा आजच्या कलावंतापुढचा प्रश्न आहे.

नवोदितांपेक्षा ज्येष्ठ कलावंतांना हा प्रश्न वेगळ्या प्रकारे भेडसावतो. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, परंतु ते जुन्या गाण्यांशी जोडलेले असते. श्रोता त्यांच्याकडे येतो तो आठवणीसाठी. त्यामुळे ज्येष्ठ कलावंताच्या नव्या गाण्याची पहिली स्पर्धा त्याच्या स्वतःच्याच जुन्या गाण्यांशी असते. या स्पर्धेतून वाट कशी काढली जाते, ते आपण या घटकात पाहणार आहोत.

२. एकल गीत : नाव नवे, रूप जुने

एकच गीत स्वतंत्रपणे प्रकाशित करण्यास आज ‘सिंगल’ म्हणतात. ही कल्पना परकी किंवा अगदी नवी आहे असे समजण्याचे कारण नाही. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे. मराठी भावगीताचा जन्म या मर्यादेतच झाला. विशेष म्हणजे या इतिहासाचा एक धागा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जातो. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३० च्या दशकात तिची ध्वनिमुद्रिका घरोघर गेली. मराठी भावगीताच्या प्रारंभीच्या यशस्वी ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. नाटक वा चित्रपट यांचा आधार नसलेले एक गीत केवळ शब्द, चाल आणि आवाज यांच्या बळावर लोकप्रिय होऊ शकते, हे तिने दाखवून दिले.

पुढे दीर्घ ध्वनिमुद्रिका आणि कॅसेट आल्यावर आठ-दहा गीतांचा संग्रह हे विक्रीचे एकक झाले. स्ट्रीमिंगने ते एकक पुन्हा मोडले आणि आपण एका अर्थाने ‘एक गाणे’ या मूळ रूपाकडे परत आलो. ज्यांनी आपली कारकीर्द सुट्या गीतांवर उभारली, त्या मराठी गायकांना हे रूप म्हणूनच अनोळखी नाही. अनोळखी आहे ती त्याच्या प्रसाराची यंत्रणा.

३. नेमके काय बदलले?

पहिला बदल निवडीच्या अधिकारात झाला. पूर्वी ध्वनिमुद्रण कंपनीचा अधिकारी, आकाशवाणीचा निर्माता आणि दुकानदार हे तिघे मिळून कोणते गाणे लोकांपुढे जाईल ते ठरवीत. आज गाणे प्रसिद्ध करण्यासाठी त्यांच्या परवानगीची गरज नाही. परंतु गाळणी नाहीशी झालेली नाही, तिची जागा बदलली आहे. स्ट्रीमिंग सेवांचे संपादक गीतयाद्या तयार करतात आणि श्रोत्याच्या आधीच्या सवयींवरून संगणकीय प्रणाली त्याला पुढचे गाणे सुचवते.

दुसरा बदल मोजणीत झाला. कॅसेट विकली गेली की व्यवहार पूर्ण होत असे. ती किती वेळा ऐकली याची नोंद कोणी ठेवीत नव्हते. आता प्रत्येक श्रवण मोजले जाते. स्पॉटिफायसारख्या सेवेवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ते एक श्रवण धरले जाते. साहजिकच, लांब वाद्यसंगीतानंतर आवाज येण्याची जुनी पद्धत मागे पडून आवाज किंवा ओळखीची धून लवकर येऊ लागली.

तिसरा बदल वेगाचा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. त्यानंतर काही महिन्यांतच इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्स यांनी ती जागा घेतली. गाण्याचा पंधरा-तीस सेकंदांचा तुकडा आधी ऐकायचा आणि आवडल्यास पूर्ण गाणे शोधायचे, असा उलटा क्रम रूढ झाला.

४. प्रसाराचे मार्ग

४.१ तिथी आणि निमित्त

ज्येष्ठ कलावंताचे नवे गाणे बहुधा एखाद्या अर्थपूर्ण दिवशी येते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी, लता मंगेशकर यांच्या ९२ व्या वाढदिवशी, ‘ठीक नहीं लगता’ हे गीत प्रकाशित झाले. गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत असलेले हे गीत अनेक वर्षांपूर्वी एका चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित झाले होते. चित्रपट पूर्ण झाला नाही आणि गीत मागे राहिले. ते प्रकाशित करताना ‘मोज’ या लघुचित्रफितींच्या ॲपचे सहकार्य घेण्यात आले. येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. वाढदिवस ही बातमी असते, त्यामुळे जाहिरातीशिवाय वृत्तपत्रे आणि वाहिन्या गाण्याची दखल घेतात. आणि हरवून सापडलेल्या गीताची कथा श्रोत्याला ऐकण्याचे कारण देते.

असेच उदाहरण बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाचे आहे. जॉन लेनन यांच्या जुन्या घरगुती ध्वनिफितीतील आवाज संगणकाच्या साहाय्याने वेगळा काढून २ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘नाउ अँड देन’ प्रकाशित झाले आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचले. मराठी संगीतविश्वात हीच भूमिका सण आणि जयंत्या पार पाडतात. आषाढी एकादशी, गणेशोत्सव आणि १४ एप्रिल यांच्या आधीच्या दिवसांत नवी भक्तिगीते आणि भीमगीते प्रकाशित होतात, कारण त्या दिवशी गाण्याला आपोआप व्यासपीठ मिळते.

४.२ स्वतःची वाहिनी

आशा भोसले यांनी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, वयाच्या ८६ व्या वर्षी स्वतःची यूट्यूब वाहिनी सुरू केली. या घटनेचे महत्त्व केवळ कुतूहलापुरते नाही. १९९७ मध्ये लेस्ली लुईस यांच्यासह केलेला ‘जानम समझा करो’ हा त्यांचा संग्रह लोकप्रिय झाला, तेव्हा कंपनी, कॅसेट आणि संगीतवाहिनी या तिन्हींची साथ आवश्यक होती. स्वतःच्या वाहिनीवर कलावंत मध्यस्थाशिवाय बोलू शकतो : गाण्यामागची हकिकत सांगू शकतो, तालमीची चित्रफीत दाखवू शकतो, श्रोत्यांना उत्तर देऊ शकतो.

४.३ पिढ्यांची जोडी

ज्येष्ठ आणि तरुण कलावंतांनी एकत्र गाणे हा प्रसाराचा सर्वांत प्रभावी मार्ग ठरला आहे. स्ट्रीमिंग सेवेवर एका गीतापुढे दोन नावे असली की ते दोघांच्याही श्रोत्यांना सुचवले जाते. २०२१ मध्ये एल्टन जॉन यांनी तरुण गायिका दुआ लिपा यांच्यासह ‘कोल्ड हार्ट’ प्रकाशित केले. त्यात त्यांच्याच जुन्या गाण्यांचे धागे गुंफले होते आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानी गेले.

मराठीत हा पूल अनेकदा घरातच सापडतो. प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी कॅसेटयुगात ‘नवीन पोपट’ या गीताने महाराष्ट्र गाजवला. २००६ च्या ‘जत्रा’ चित्रपटात अजय–अतुल यांच्या संगीतात आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी ‘कोंबडी पळाली’ गायिले आणि लोकगीताच्या वळणाचा हा आवाज नव्या श्रोत्यांपर्यंत गेला. आज आदर्श शिंदे यांच्या रूपाने तिसरी पिढी गात आहे. आजोबांची भक्तिगीते ऐकणारा श्रोता आणि नातवाची गीते ऐकणारा श्रोता एकाच आडनावाच्या आधारे परस्परांकडे पोहोचतात.

४.४ रंगमंच ते चित्रफीत

डिसेंबर २०२४ मध्ये दुबईतील कार्यक्रमात ९१ वर्षांच्या आशा भोसले यांनी करण औजला यांचे ‘तौबा तौबा’ हे त्या वर्षीचे गीत गायिले आणि त्याची नृत्यचालही करून दाखवली. प्रेक्षकांनी घेतलेल्या चित्रफिती काही तासांत सर्वत्र पसरल्या. हे त्यांचे स्वतःचे गीत नव्हते, तरीही प्रसाराचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते : प्रत्यक्ष कार्यक्रमातील एक अनपेक्षित क्षण महागड्या जाहिरातीपेक्षा अधिक दूर जातो. म्हणूनच आज अनेक कलावंत नवे गीत आधी रंगमंचावर सादर करतात आणि श्रोत्यांच्या मोबाइलवर त्याचा प्रसार सोपवतात.

४.५ तुकडा आणि पूर्ण गीत

लघुचित्रफितीसाठी गीताचा कोणता भाग निवडावा, हा आता प्रकाशनपूर्व निर्णय असतो. मे २०२३ मध्ये कायली मिनोग यांचे ‘पदम पदम’ आले, तेव्हा त्या पंचावन्नच्या उंबरठ्यावर होत्या. तरुणांच्या रेडिओवाहिन्या वयस्क गायिकांना किती वाव देतात, याची चर्चा त्या निमित्ताने झाली. परंतु ध्रुवपदातील दोन नादमय शब्दांवर लोकांनी चित्रफिती केल्या आणि गीत यशस्वी झाले. २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गाणाऱ्याचे वय पाहून तुकडा उचलला जात नाही, तो तालावर आणि उच्चारावर उचलला जातो. ठसकेबाज ध्रुवपदांची परंपरा असलेल्या मराठी लावणीला आणि लोकगीताला ही गोष्ट अनुकूल आहे.

५. उत्पन्न आणि हक्क

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्यांची शेकडो गाणी आजही ऐकली जातात, त्यांनी नवे गीत का करावे? एक कारण अर्थातच निर्मितीची ओढ. दुसरे कारण मालकीचे आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सामान्यतः कंपन्यांकडे असतात. गायकाला त्या काळी ठरावीक मानधन मिळाले की व्यवहार संपत असे. गायकांना स्वामित्वधन मिळावे हा आग्रह लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकात धरला. या मुद्द्यावर मतभेद होऊन मोहम्मद रफी आणि त्या काही वर्षे एकत्र गायिल्या नाहीत, हे आपणांस ठाऊक असेल.

प्रतिलिप्यधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा सुरक्षित केला आणि सादरकर्त्या कलावंतांच्या हक्कांनाही बळ दिले. २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तरीही कलावंताने स्वखर्चाने काढलेल्या नव्या गीताची मालकी त्याच्याकडेच राहू शकते, हा फरक मोठा आहे. अर्थात, एका श्रवणामागे मिळणारी रक्कम अत्यल्प असते. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० श्रवणे झालेल्या गीतालाच उत्पन्नात वाटा मिळतो. म्हणून बहुतेकांसाठी नवे गीत हे उत्पन्नाचे मुख्य साधन नसून कार्यक्रमांची निमंत्रणे मिळवून देणारे साधन ठरते.

६. मर्यादा आणि धोके

या व्यवहाराची दुसरी बाजूही आपण विचारात घेतली पाहिजे. मोजणीच्या दडपणाखाली गीत आखूड होते, कवितेला उसंत मिळत नाही. सुचवणारी प्रणाली श्रोत्याला त्याच्या आवडीच्या परिघातच फिरवत ठेवते. ज्यांच्याकडे प्रसिद्ध नाव नाही, त्या ज्येष्ठांना तर वाढदिवसाची बातमीही मिळत नाही.

सर्वांत नवा धोका आवाजाच्या नकलेचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने एखाद्या गायकाच्या आवाजात त्याने कधीही न गायिलेले गीत तयार करता येते. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या दाव्यात अंतरिम आदेश देऊन त्यांच्या संमतीविना त्यांच्या आवाजाचा असा वापर करण्यास प्रतिबंध केला. लेनन यांच्या गीतात त्यांचा खरा आवाज स्वच्छ केला गेला. येथे आवाजच बनावट. साधन एकाच जातीचे आहे, पण एका ठिकाणी संमती आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. हा भेद ध्यानात ठेवा.

७. समारोप

ध्वनिमुद्रिकेपासून स्ट्रीमिंगपर्यंत प्रत्येक माध्यमाने गाण्याची लांबी, वाट आणि मोल बदलले. ज्येष्ठ कलावंत तिथी, स्वतःची वाहिनी, पिढ्यांची जोडी, रंगमंच आणि गीताचा तुकडा या मार्गांनी नव्या गीतासाठी श्रोता मिळवतात. हे सर्व मार्ग केवळ महानगरातील नामवंतांसाठी आहेत असे नाही. आपल्या परिसरातील शाहीर, कव्वाल, कीर्तनकार आणि भजनी मंडळातील वयोवृद्ध गायक यांच्याकडे गीते आहेत, आवाज आहे. नसते ती हक्कांची माहिती आणि ध्वनिमुद्रणाची सोय. त्यांचे गीत त्यांच्या नावासह, त्यांच्या संमतीने नोंदले गेले नाही, तर ते दुसऱ्याच्या नावावर फिरेल किंवा त्यांच्याबरोबर संपेल. मराठीचे अभ्यासक म्हणून या ठिकाणी आपले काम सुरू होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘एकल गीताचे रूप मराठीला नवे नाही’ हे विधान भावगीताच्या इतिहासाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘गाळणी नाहीशी झालेली नाही, तिची जागा बदलली आहे’ या विधानाची चर्चा करा.
३. ज्येष्ठ कलावंताला जुन्या गीतांपेक्षा नवे गीत कोणत्या दृष्टीने लाभदायक ठरू शकते?

उपक्रम

आपल्या गावातील साठीपुढील एका गायकाची वा गायिकेची भेट घ्या. त्यांची गीते कोणाची, ती प्रथम कोठे गायिली गेली आणि त्यांचे ध्वनिमुद्रण झाले आहे काय, याची त्यांच्या संमतीने नोंद करून दोन पृष्ठांचे टिपण तयार करा.