कार्बोरेटर गेला, कॉम्प्युटर आला : गॅरेजवाल्यांनी काय शिकावे?

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. इंजिनाचा आवाज ऐकून, स्क्रू पाव आटा फिरवून कार्बोरेटर 'सेट' करणारे उस्ताद गावोगाव होते. परंतु १९९९ साली दिल्ली परिसरात आणि २००० पासून देशभर धुराचे कडक नियम आले व पेट्रोल मोटारीतील कार्बोरेटर हळूहळू हद्दपार झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ नियम लागू झाल्यावर तर बहुतेक नव्या मोटारसायकलींनाही इंजेक्शन आले. हे काम सांभाळतो तो 'ईसीएम' नावाचा छोटा कॉम्प्युटर.

ईसीएमला सर्व खबर सेन्सर देतात. क्रँक सेन्सर इंजिनाचा वेग व पिस्टनची जागा कळवतो, दुसरा सेन्सर किती हवा आत गेली ते सांगतो, तर पाण्याचा सेन्सर इंजिन थंड आहे की गरम हे सांगतो. पूर्वी जे काम चोक करीत असे, ते आता याच माहितीवर होते. साधारण १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम पेट्रोल, या हिशेबाने ईसीएम इंजेक्टर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता उघडतो आणि प्लगला स्पार्कची वेळही ठरवून देतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण बरोबर जळाले की नाही ते पाहून परत कळवतो.

बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड मिळतो. येथेच पुष्कळ जण चुकतात. कोड म्हणजे खराब पार्टचे नाव नव्हे. उदाहरणार्थ, 'पी०१७१' याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडते, एवढाच. काही जण लगेच नवा ऑक्सिजन सेन्सर बसवतात. पण सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. कोठे तरी व्हॅक्यूम पाइप फाटलेला असतो, फिल्टर तुंबलेला असतो किंवा पेट्रोल पंपाचा दाब उतरलेला असतो. मग नवा सेन्सरही दुसऱ्या दिवशी तीच तक्रार करतो आणि ग्राहकाचे पैसे पाण्यात जातात.

म्हणून आमची सूचना अशी की, कोड वाचल्यावर आधी बॅटरी, अर्थिंग, फ्यूज व कनेक्टर तपासावेत. नंतर पाइप आणि पेट्रोलचा दाब पाहावा. सेन्सर बदलण्यापूर्वी मल्टिमीटर लावावा. पाण्याच्या सेन्सरचा रेझिस्टन्स इंजिन तापेल तसा उतरला पाहिजे. तो जागचा हलत नसेल तर सेन्सर खराब समजावा. फाटलेल्या पाइपातून हवा ओढल्याचा आवाज मात्र आजही उस्तादाचाच कान पकडतो. तेव्हा शिकलेल्या मुलाने स्कॅनर धरावा व उस्तादाने त्याला इंजिन शिकवावे.

आणखी एक गोष्ट. बिघाड तसाच ठेवून केवळ कोड पुसला तरी दिवा काही काळ विझतो. असे करून पैसे घेणे ही उघड फसवणूक आहे. ग्राहकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. त्याला कोड दाखवावा, बदललेला जुना पार्ट हाती द्यावा आणि बिलात त्याची नोंद करावी. रोजी हलाल राहते आणि ग्राहकही पुन्हा आपल्याच दारी येतो.