अनुपान ते नॅनोकण : हळदीच्या नव्या औषधी रूपांविषयीचे गैरसमज

वनस्पतीजन्य औषधाचा परिणाम त्या वनस्पतीत कोणते द्रव्य आहे एवढ्यावरच ठरत नाही. ते द्रव्य शरीरात कुठे, किती प्रमाणात आणि किती काळ पोचते यावरही तो अवलंबून असतो. घेतलेल्या मात्रेपैकी जो अंश रक्तात उतरतो, त्याला औषधशास्त्रात ‘जैवउपलब्धता’ म्हणतात. या बाबतीत हळदीची अडचण विशेष बोलकी आहे. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन तिच्या पुडीत साधारण ३ टक्केच असते, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे थोडे शोषले जाते त्याला आतड्याची भिंत व यकृत ताबडतोब अन्य रेणू जोडून उत्सर्जनयोग्य करून टाकतात. ही अडचण ओलांडण्यासाठी कर्क्युमिन मिरीच्या अर्काबरोबर, स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म पिशव्यांतून किंवा नॅनोकणांच्या रूपात दिले जाऊ लागले, आणि त्यासोबत काही गैरसमजही रूढ झाले.

गैरसमज १ : औषध शरीरात कसे पोचवावे, हा विचार केवळ आधुनिक आहे.

वस्तुस्थिती : आयुर्वेदात औषधासोबत किंवा त्यानंतर घ्यावयाच्या पदार्थाला ‘अनुपान’ ही स्वतंत्र संज्ञा आहे, ज्या द्रव्याशी संयोग होईल त्याचे गुण वाहून नेणाऱ्या मधासारख्या पदार्थाला ‘योगवाही’ म्हटले आहे, आणि औषधी तुपे व तेले सिद्ध करण्याची पद्धत तपशिलाने सांगितली आहे. स्निग्ध पदार्थांत विरघळणारे द्रव्य तुपातून देणे आणि तेच द्रव्य लायपोसोममधून देणे यांत काही अंशी साम्य आहे, कारण लायपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिड या स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराची, डोळ्यांना न दिसणारी पिशवी होय. तथापि या साम्यावरून दोन्ही एकच ठरत नाहीत. कणांचा आकार, त्यांत भरलेल्या द्रव्याचे प्रमाण आणि ते बाहेर पडण्याचा वेग मोजून नियंत्रित करणे हे आधुनिक तंत्राचे वैशिष्ट्य आहे, आणि तुपाच्या अनुपानाचा अनुभव त्या मोजमापाची जागा घेऊ शकत नाही.

गैरसमज २ : मिरी स्वयंपाकघरातील असल्यामुळे तिचा अर्क केवळ हळदीला साहाय्य करतो.

वस्तुस्थिती : बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरी व पिंपळीतील तिखट द्रव्य, दिल्यावर निरोगी माणसांतील कर्क्युमिनची जैवउपलब्धता सुमारे २० पट वाढल्याचे आढळले. पायपरिन हे साधते, कारण औषधांचे रूपांतर करणाऱ्या विकरांना ते अडवते. मात्र हे विकर फक्त कर्क्युमिनसाठी राखीव नसतात. त्यामुळे फेनिटॉइन हे अपस्माराचे, थिओफिलिन हे दम्याचे आणि प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबावरील औषध यांचेही रक्तातील प्रमाण पायपरिनने वाढू शकते. याच गुणधर्माचा हेतुपूर्वक उपयोगही झाला आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सुंठ, मिरी व पिंपळी या त्रिकटूवर सुरू झालेल्या अभ्यासाच्या परंपरेतून क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची मात्रा पायपरिनच्या जोडीने कमी करणारे औषध विकसित झाले. तेथे दोन्ही द्रव्यांच्या मात्रा निश्चित असतात. स्वतःहून घेतलेल्या कॅप्सूलच्या बाबतीत रुग्णाच्या इतर औषधांचा हिशेब कोणीच केलेला नसतो.

गैरसमज ३ : रक्तातील प्रमाण वाढले की गुणही तितकाच वाढतो.

वस्तुस्थिती : अनेक तुलनात्मक अभ्यासांत मुक्त कर्क्युमिनऐवजी, यकृताने रूपांतरित केलेले संयुगही धरून एकूण कर्क्युमिन मोजलेले असते, त्यामुळे ‘इतके पट अधिक’ या आकड्याचा अर्थ काय मोजले त्यावर ठरतो. शिवाय कर्क्युमिन अस्थिर असून प्रयोगशाळेतील अनेक चाचण्यांत ते फसवे सकारात्मक निष्कर्ष देते, याकडे २०१७ च्या एका रसायनशास्त्रीय समीक्षेने लक्ष वेधले. जेथे मूळ द्रव्याचा परिणाम आधीच सिद्ध आहे, तेथे मात्र वाहक बदलण्याचे मोल स्पष्ट दिसते. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून मिळालेले कर्करोगविरोधी पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नसल्याने एरंडेलापासून बनविलेल्या द्रावकातून दिले जाई आणि त्या द्रावकामुळे तीव्र ॲलर्जी उद्भवू शके; अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधलेल्या, सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांच्या रूपाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाल्यावर त्या द्रावकाची गरज उरली नाही.

गैरसमज ४ : शतकानुशतके वापरात असलेली वनस्पती नव्या रूपातही निर्धोक असते.

वस्तुस्थिती : परंपरेचा अनुभव आमटीतील चिमूटभर हळदीचा आणि विशिष्ट कल्पांचा आहे, तर ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिनच्या एका कॅप्सूलमध्ये साधारण १६ ते १७ ग्रॅम हळदीइतके कर्क्युमिन असते, त्यात शोषण वाढविले की शरीरावर पडणारा भार आणखी वाढतो. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधनजाळ्याने हळदीच्या पूरकांशी संबंधित १० रुग्णांची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७ जणांमध्ये एक विशिष्ट जनुकप्रकार आढळला आणि तपासलेल्या ७ उत्पादनांपैकी ३ मध्ये पायपरिन होते. असा विकार विरळा असला, तरी स्वयंपाकातील हळदीच्या निर्धोकपणावरून कॅप्सूलचा निर्धोकपणा गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून दिसते. भारताच्या २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांतही हेच तत्त्व आहे : जुन्याच औषधाची नवी वितरणप्रणाली ‘नवीन औषध’ मानली जाते.

त्यामुळे अशा उत्पादनाची पारख करताना वनस्पतीच्या प्राचीनतेपेक्षा तीन गोष्टी निर्णायक ठरतात : क्रियाशील द्रव्याची मात्रा किती, वाहक कोणता, आणि प्रसिद्ध केलेली चाचणी याच रूपाची आहे की केवळ मूळ वनस्पतीची. यांपैकी तिसऱ्याचे उत्तर न देता ग्रंथाधार आणि नॅनोतंत्र एकाच वेष्टनावर छापले जाते, तेव्हा एकाची विश्वासार्हता दुसऱ्याच्या नावावर उसनी घेतलेली असते.