घरातील ऑर्किड : मुळांना हवी मोकळी हवा

भेट म्हणून आलेले ऑर्किडचे रोप दोन-तीन महिने दिवाणखान्याची शोभा वाढविते आणि पुढे वर्षाच्या आतच बहुधा दगावते. पाणी घालण्यात आपली हयगय झाली, असे समजून घरातील मंडळी हळहळतात. वस्तुतः अशी बहुतेक रोपे पाण्याअभावी नव्हे, तर पाण्याच्या अतिरेकाने मरतात.

मराठी परिभाषेत या वनस्पतींच्या कुलास आमर कुल म्हणतात. उष्ण प्रदेशांतील पुष्कळशी ऑर्किडे मातीत वाढत नाहीत. ती झाडांच्या फांद्यांवर राहतात. मे-जूनच्या सुमारास सह्याद्रीत फुलणारी ‘सीतेची वेणी’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. ग्रामीण भागात तिला पुष्कळदा बांडगूळ समजून झाडावरून काढून टाकले जाते. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगुळाची मुळे फांदीत शिरून तिचा रस शोषतात. ऑर्किडची मुळे सालीला केवळ बिलगून असतात आणि झाडाचे काहीही घेत नाहीत. त्या मुळांवर स्पंजासारखे पांढरट आवरण असते. ते पावसाचे पाणी चटकन टिपते आणि थोड्याच वेळात वाऱ्याने सुकते. अशा मुळांना कुंडीतील ओल्या मातीत कोंडले की ती गुदमरून कुजतात.

म्हणून कुंडीत माती घालू नये. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांचे मिश्रण आपल्याकडे सहज उपलब्ध होते. कुंडीला तळाशी व बाजूंनाही भोके असावीत. सोडण कुजू लागले की, म्हणजे साधारणतः दोन वर्षांनी, मिश्रण बदलावे.

कोणते रोप निवडावे?

घराच्या आत वाढविण्यास फॅलेनॉप्सिस हा प्रकार सर्वांत सोयीचा. तो मूळचा मुख्यतः आग्नेय आशियातील असून त्याचे फूल पंख पसरलेल्या पतंगासारखे दिसते. त्याला कडक ऊन सोसत नाही. पूर्वेकडील खिडकीतील सकाळचा कोवळा प्रकाश पुरतो. पाने गर्द हिरवी होऊन फुले येत नसतील तर प्रकाश अपुरा आहे, पिवळट पडत असतील तर बहुधा तो अधिक होत आहे, असे समजावे.

पाणी केव्हा द्यावे, हे मुळेच सांगतात. ओली मुळे हिरवी दिसतात आणि सुकली की रुपेरी होतात. ती रुपेरी झाल्यावरच सकाळी भरपूर पाणी देऊन ते पूर्ण निथळू द्यावे. पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी कापसाने टिपून घ्यावे, अन्यथा रोपाचा गाभा सडतो. विंधन विहिरीच्या जड पाण्यातील क्षार मुळांवर साचतात. साठविलेले पावसाचे पाणी उत्तम. कोकणातील दमट हवा या रोपास मानवते. मराठवाडा-विदर्भातील उन्हाळ्यात मात्र पसरट ताटात खडे व पाणी ठेवून त्यावर कुंडी अशी मांडावी, की तिचा तळ पाण्याला लागणार नाही. खत अगदी सौम्य असावे; वेष्टनावर सांगितलेल्या मात्रेचा चौथा हिस्सा पुरे.

पावसाळी सहलीहून येताना रानातील ऑर्किड उपटून आणण्याचा मोह अनेकांना होतो. ते रोप बंद खोलीत सहसा जगत नाही आणि रानातील त्याची जागाही लवकर भरून येत नाही. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नसाठा नसल्यामुळे निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच ते रुजते, आणि रोपाला फूल येण्यास त्यानंतर कित्येक वर्षे लागतात. अमेरिकन शास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये शर्करायुक्त माध्यमावर, बुरशीविना हे बी रुजवून दाखविले. पुढे ऊतिसंवर्धनाचे तंत्रही विकसित झाले. त्यामुळे रोपवाटिकांतून आज प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे मिळतात. रानाला हात लावण्याचे कारण उरलेले नाही. ईशान्य भारतातील निळ्या व्हांडासारख्या काही जातींना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय संशोधन केंद्र केवळ ऑर्किडांसाठी आहे.

पहिला बहर ओसरल्यावर रोप टाकून देण्याची घाई करू नये. फुलांचा दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या वर कापावा. तेथून कधी कधी नवी फांदी फुटते. नवा दांडा येण्यास काही आठवडे रात्रीचा गारवा लागतो. रात्रीचे तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की पुरे. पुणे-नाशिककडील घरांत हिवाळ्यात हे सहज साधते. इतरत्र थंडीच्या दिवसांत रात्री खिडकी उघडी ठेवून पाहावे.