कन्व्हेयर घेताय? माल पुढे कसा जाईल यापेक्षा बाजूला कसा वळेल ते आधी विचारा



माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, त्यामुळे नवीन फूड युनिट टाकणारी मंडळी रोज काउंटरवर भेटतात. त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "मॅडम, कन्व्हेयर किती फुटाचा घेऊ?" फूट, मोटर, किंमत या तीन गोष्टींवर सगळी चर्चा संपते. पण त्या पट्ट्यावरून खराब माल बाहेर कसा काढणार, हे फारच कमी लोक विचारतात.

फूड युनिटमध्ये कन्व्हेयर दोन कामं करतो. एक, माल इथून तिथे नेणं. दोन, योग्य माल योग्य ठिकाणी आणि नको तो माल बाजूला वळवणं. पहिलं काम दोन माणसं आणि चार क्रेटसुद्धा करतात. दुसऱ्या कामात गडबड झाली, तर लोखंडाचा तुकडा असलेलं पाकीट थेट गिऱ्हाईकाच्या घरी जातं. म्हणून आज पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत ते बघू. उदाहरण म्हणून केळी वेफर्सचं छोटं युनिट घेऊ. तुमचा माल वेगळा असला तरी पद्धत हीच.

१. आधी पावलं मोजा

कोटेशन मागवण्याआधी एक दिवस वही घेऊन युनिटमध्ये उभे राहा. माल कुठून कुठे, किती वेळा जातो ते लिहा. समजा पॅकिंग टेबलपासून गोदाम १२ मीटरवर आहे आणि दिवसाला २०० क्रेट जातात. प्रत्येक क्रेट वेगळा नेला तर जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे दिवसाला ४,८०० मीटर. जवळपास पाच किलोमीटर चालण्याचा पगार तुम्ही देताय!

पण लगेच मोटरवाला पट्टा घेऊ नका. क्रेट आणि खोक्यांसाठी साधा उताराचा रोलर कन्व्हेयर पुरतो. त्याला वीज लागत नाही. नियम एकच: खोक्याखाली कायम किमान तीन रोलर असले पाहिजेत. तुमचं खोकं ३० सेंटीमीटर लांब असेल, तर दोन रोलरमधलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. नाहीतर खोकं डुगडुगतं आणि अडकतं.

२. पट्टा मालाच्या स्वभावाप्रमाणे

"फूड ग्रेड बेल्ट आहे" एवढं ऐकून समाधान मानू नका. माल गरम आहे, तेलकट आहे, ओला आहे, चिकट आहे की नाजूक आहे, ते सांगा.

- कढईतून निघालेले गरम, तेलकट वेफर्स: स्टीलच्या जाळीचा पट्टा. तेल खाली निथळतं, वाफ निघून जाते, वेफर्स मऊ पडत नाहीत.
- गार झालेला पण तेलकट माल: पीयू पट्टा. पीव्हीसी स्वस्त पडतो, पण तेलामुळे तो हळूहळू कडक होऊन तडकतो. तडकलेल्या पट्ट्याचा तुकडा मालात पडला तर ती वेगळीच डोकेदुखी.
- धुतलेले आवळे, आंबे, भाजी: प्लॅस्टिकचे तुकडे एकमेकांत अडकवून केलेला मॉड्युलर पट्टा. पाणी खाली जातं, आणि खराब झाला तर तेवढाच तुकडा बदलता येतो. या पट्ट्याचं मूळ अमेरिकेतल्या लुईझियानामधल्या कोळंबी प्रक्रियेच्या धंद्यात आहे. खाऱ्या, ओल्या जागेत धातूचे पट्टे गंजत, त्यावर हा उपाय निघाला. आपल्या कोकणातल्या मासळी युनिटलाही तो म्हणूनच चालतो.
- चिक्की, गुळाचा माल: चिकटणार नाही असा गुळगुळीत पट्टा आणि टोकाला खरवडणारी पट्टी.
- मसाला, पीठ: पट्ट्यापेक्षा बंद नळीतला स्क्रू कन्व्हेयर बरा, धूळ उडत नाही. पण हाच स्क्रू वेफर्सला लावलात तर खाली चुरा मिळेल!

वेफर्सवाल्यांनी आणखी एक बघा. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर माल पडतो, ती प्रत्येक जागा म्हणजे तुकडा होण्याची संधी. अशा जागा किती आणि प्रत्येक ठिकाणी माल किती उंचीवरून पडतो, हे ड्रॉइंगवर मोजा. दोन छोटे कन्व्हेयर जोडण्यापेक्षा एक लांब घेतला, तर पडण्याची एक जागा कमी होते. माल वर चढवायचा असेल तर सपाट पट्टा साधारण १५ ते २० अंशांपर्यंतच चालतो, त्यापुढे आडव्या पट्ट्या किंवा बकेट एलिव्हेटर लागतो.

३. वेगाचं गणित दोन मिनिटांत

समजा मशीन मिनिटाला ३० पाकिटं काढतं. पाकीट २० सेंटीमीटर लांब, दोन पाकिटांत २० सेंटीमीटर मोकळी जागा. म्हणजे एका पाकिटाला ४० सेंटीमीटर पट्टा लागतो.

३० × ४० = १,२०० सेंटीमीटर. पट्ट्याचा वेग मिनिटाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला २० सेंटीमीटर.

हे दोन आकडे पक्के लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत. मधली मोकळी जागाही वाया गेलेली नाही. पाकिटं एकमेकांना चिकटून आली, तर एकाला ढकलताना दुसरंही जाणार.

करपलेले वेफर्स हाताने वेचण्याचा पट्टा मात्र वेगळा आणि संथ ठेवा. पसरलेला थर एकावर एक नको. पट्ट्याची रुंदी बाईचा हात वाकल्याशिवाय पोचेल इतकीच. पट्टा पळाला तर डोळे थकतात आणि करपलेला माल पुढे जातो.

४. वळवायचं कसं? पाच साधे प्रकार

- फिरता दांडा: पट्ट्यावर आडवा येतो आणि माल दुसऱ्या बाजूला सरकवतो. खोकी, बाटल्या दोन लायनींत वाटायला चांगला.
- पुशर: हवेच्या दाबावर चालणारा, बाजूने धक्का देणारा. भरलेली पाकिटं आणि डबे यांच्यासाठी. काचेच्या लोणच्याच्या बरणीला हा धक्का जपूनच.
- हवेचा झोत: हलकी पाकिटं फुंकून बाहेर. जड पाकिटाला उपयोग नाही.
- खाली उघडणारी झडप: सुटा माल किंवा नाजूक वस्तू खाली सोडायला.
- सरकतं दार: थरथरत्या ट्रेच्या तळाला दार असतं. ते उघडलं की वेफर्स खालच्या पॅकिंग मशीनमध्ये पडतात, बंद केलं की पुढच्या मशीनकडे जातात. एका कढईवर दोन-तीन पॅकिंग मशीन चालवायची असतील तर हे कामाचं.

सुरुवातीच्या युनिटला पाचही लागत नाहीत. मालाला शोभेल असा एक प्रकार निवडा, पण तो नीट बसवा. नीट बसवणं म्हणजे काय, ते आता बघू.

५. तीन सेकंदांचा खेळ

वेफर्समध्ये धातू येतो कुठून? केळी कापण्याच्या पात्याचा टवका, जाळीच्या पट्ट्याची तुटलेली तार, सैल झालेला नट, भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा धागा. म्हणून पॅकिंगनंतर मेटल डिटेक्टर. त्यातून जाणारा पट्टा बिनधातूचा हवा, जोडातसुद्धा धातूची क्लिप नको. ॲल्युमिनियम फॉइलचं पॅकिंग असेल तर फॉइल स्वतःच अडथळा आणतं. तेव्हा माल पॅक होण्याआधीच तपासायची सोय करा.

आता डिटेक्टरपासून पुशर ६० सेंटीमीटरवर आहे असं धरा. पट्ट्याचा वेग सेकंदाला २० सेंटीमीटर. म्हणजे धातू सापडल्यावर पाकीट पुशरसमोर यायला ३ सेकंद. मेकॅनिकने टायमर ३ सेकंदांवर लावला. सगळं छान.

मग दिवाळीची ऑर्डर आली. मशीन मिनिटाला ४५ पाकिटांवर नेलं आणि पट्टा १८ मीटरवर. आता वेग सेकंदाला ३० सेंटीमीटर झाला. टायमरला मात्र कुणी हात लावला नाही. तीन सेकंदांनी पुशर ढकलतो, तोपर्यंत खराब पाकीट ९० सेंटीमीटरवर, म्हणजे पुशरच्या ३० सेंटीमीटर पुढे निघून गेलेलं असतं. पुशरसमोर येतं ते मागचं चांगलं पाकीट. तेच बाहेर पडतं!

आणि गंमत म्हणजे दिवा लागतो, बझर वाजतो, डब्यात एक पाकीट पडतं. बघणाऱ्याला वाटतं, मशीन काय मस्त काम करतंय. लोखंडवालं पाकीट तोवर खोक्यात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, एन्कोडर. हा सेकंद मोजत नाही, पट्टा किती सरकला ते मोजतो. वेग बदलला तरी ६० सेंटीमीटर म्हणजे ६० सेंटीमीटरच. दुसरा स्वस्त उपाय, धातू सापडला की पट्टाच थांबवायचा आणि पाकीट हाताने काढायचं. पण यात माणसाची शिस्त लागते. कोणतं पाकीट याची शंका असेल तर पट्ट्यावरची सगळी पाकिटं काढून एकेक करून पुन्हा तपासा. "चालू कर रे, उशीर होतोय" हे चालणार नाही.

६. रिजेक्टचा डबा हा कचऱ्याचा डबा नाही

बाहेर पडलेल्या पाकिटासाठी कुलूपबंद डबा ठेवा, चावी एकाच जबाबदार माणसाकडे. उघड्या टोपलीत पडलेलं पाकीट "चांगलं तर दिसतंय" म्हणून कुणीतरी परत पट्ट्यावर ठेवतं, हे गृहीत धरूनच चला. डबा भरला किंवा हवेचा दाब कमी झाला, तर पट्टा थांबेल अशी सोय मागा. कंप्रेसर बंद असला की पुशर नुसताच उभा राहतो.

आणि रोज चाचणी करा. लोखंड, पितळेसारखा दुसरा धातू आणि स्टेनलेस स्टील असे तीन टेस्ट पीस मिळतात. स्टेनलेस पकडायला सगळ्यात अवघड असतं, म्हणून तो टाळू नका. टेस्ट पीस पाकिटाबरोबर पट्ट्यावर सोडा. नुसता बझर वाजून चालणार नाही, तेच पाकीट डब्यात पडलं पाहिजे. सकाळी, माल बदलल्यावर, मध्ये ठरलेल्या वेळी आणि काम संपताना ही चाचणी करा आणि वहीत सही घ्या.

एखादी चाचणी फसली, तर त्याआधीच्या बरोबर आलेल्या चाचणीपासूनची सगळी पाकिटं अडवून पुन्हा तपासायची. मिनिटाला ३० पाकिटं धरली तर दर तासाला चाचणी करणाऱ्याची १,८०० पाकिटं अडतात, चार तासांनी करणाऱ्याची ७,२००. आता तुम्हीच ठरवा कितीदा करायची ते.

७. धुता येत नसेल तर घेऊ नका

एफएसएसएआयच्या २०११ च्या परवाना-नोंदणी नियमांतलं परिशिष्ट ४ स्वच्छतेबद्दल आहे. अन्नाला लागणारं साहित्य गंजणारं नको, विषारी नको आणि साफ करता येईल असं हवं, हा त्याचा सरळ अर्थ. म्हणून कन्व्हेयर बघताना खाली वाकून बघा. पट्टा सैल करून आतून पुसता येतो का? चुरा साचायच्या फटी किती? बेअरिंगचं ग्रीस मालावर ठिबकेल का? पट्ट्याचा रंग निळा मागा. निळं खाणं जवळपास नसतंच, त्यामुळे तुकडा तुटला तर लगेच दिसतो.

आणि माणसांची सुरक्षा. पट्टा रोलरवर चढतो तिथे बोट, ओढणी, पदर अडकतो. तिथे गार्ड पाहिजेच. लाल थांबवायचं बटण काम करणाऱ्याच्या हाताशी हवं, भिंतीवर लांब नको. चालू पट्टा कुणीही फडक्याने पुसायचा नाही.

८. कोटेशन घेताना हे विचारा

१. माझा माल घेऊन येतो, चालवून दाखवाल का? (पाण्याच्या बाटल्यांवरचा डेमो वेफर्सला लागू होत नाही.)
२. माल किती ठिकाणी आणि किती उंचीवरून पडतो?
३. रिजेक्ट टायमरवर आहे की एन्कोडरवर?
४. वीज किंवा हवा गेली तर खराब माल कुठे जाईल?
५. पट्टा काढून धुऊन परत लावायला किती वेळ लागतो? माझ्यासमोर करून दाखवा.
६. मालाला लागणारा भाग एसएस ३०४ आहे का? खारट, आंबट मालाला ३१६ लागेल का?
७. पट्टा, बेअरिंग, सेन्सर किती दिवसांत मिळतील?

चौथ्या प्रश्नाला विक्रेता अडखळला, तर घाई करू नका.

सुरुवात कुठून?

बजेट कमी असेल तर माझा क्रम असा: आधी क्रेटसाठी रोलर, मग वेचणीचा संथ पट्टा, मग डिटेक्टर आणि नीट काम करणारा रिजेक्ट. बाकी लांबलचक पट्टे नंतर. पीएमएफएमई ही केंद्राची योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात पात्र सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलं आहे. सध्याची स्थिती आणि मुदत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. पण अनुदान मिळतंय म्हणून मोठं मशीन घेऊ नका. उरलेले पैसे तुमचेच असतात आणि हप्ताही तुमचाच.

या आठवड्याचा गृहपाठ: एका कागदावर तुमच्या मालाचा रस्ता काढा. जिथे माल थांबतो तिथे गोल, जिथे पडतो तिथे फुली, जिथे खराब माल बाहेर निघायला हवा तिथे बाण. बाण एकही नसेल, तर कन्व्हेयरवाल्याला फोन करण्याआधी तो बाण कुठे येणार ते ठरवा. कागदाचा फोटो आणि तुमचा माल काय आहे ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात त्यातले काही कागद घेऊन बोलू.