विश्वास कमी पडला म्हणून?

आजाऱ्यासाठी प्रार्थना झाली, पण तो बरा झाला नाही, तर उणीव कुणाची? ख्रिस्ती सभांमधून यावर सर्रास मिळणारे उत्तर म्हणजे, रोग्याचाच विश्वास कमी पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत या उत्तराला वाव देणारी शिकवण रुजली. ख्रिस्ताच्या बलिदानात देहाचे आरोग्यही आले, असे ए. बी. सिम्प्सन यांनी मांडले. त्यांच्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चे मिशनरी पुढे वऱ्हाडातही आले. शिकागोच्या उत्तरेस झायन नगरी वसवणारे जॉन अलेक्झांडर डोवी यांनी तर डॉक्टर आणि औषधे यांच्याविरुद्ध मोहीमच उघडली. पण नव्या कराराची साक्ष तपासली, तर हे उत्तर टिकत नाही. तिथे विश्वास म्हणजे देवावर विसंबणे, आणि विसंबणाऱ्याच्या हाती निकालाची हमी नसते.

बेथेसदा तळ्याकाठच्या, 38 वर्षे आजारी असलेल्या माणसाला आपल्याला कोणी बरे केले हेही ठाऊक नव्हते. झटके येणाऱ्या मुलाच्या बापाने आपला विश्वास अपुरा असल्याची कबुली देत मदत मागितली, तरी मुलगा बरा झाला. उलट पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, पण काटा राहिला. मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन. त्याचा सोबती त्रफिम मिलेतात आजारीच मागे राहिला, तर तीमथ्याला त्याने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. पौल, त्रफिम आणि तीमथ्य यांपैकी कुणालाही विश्वास वाढवण्याची ताकीद मिळालेली नाही. खुद्द येशूने गेथशेमानेत दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती केली आणि निर्णय पित्यावर सोपवला.

यावर आक्षेप येतो, की रक्तस्रावाने पीडित स्त्रीला आणि आंधळ्या बार्तीमयाला येशूनेच त्यांच्या विश्वासाचे श्रेय दिले. विश्वासाची प्रार्थना रोग्याला वाचवील असे याकोबानेही लिहिले. पण त्या स्त्रीचा सारा पैसा वैद्यांवर संपला होता आणि बार्तीमय रस्त्याकडेचा भिकारी होता. दोघांपाशी येशूकडे धाव घेण्याखेरीज काही उरले नव्हते. त्या धावेलाच तिथे विश्वास म्हटले आहे. याकोबाच्या पत्रात रोग्याने फक्त मंडळीच्या वडिलांना बोलवायचे आहे. तेल लावून प्रार्थना करण्याचे काम त्यांचे. मग प्रार्थनेत विश्वास उणा पडलाच, तर पहिला प्रश्न प्रार्थना करणाऱ्यांना विचारायला हवा.

दुसरा आक्षेप संशयवाद्यांचा: बरे झाले तर देवाची कृपा, नाही झाले तर देवाची इच्छा, मग प्रार्थना पारखायची कशी? पारखण्याचा एक मोठा प्रयत्न 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील 6 रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले 1,802 रुग्ण त्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही याची खात्री नसलेल्यांपैकी, प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्क्यांना आणि न झालेल्या गटात 51 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. प्रार्थना होते आहे हे नक्की ठाऊक असलेल्यांत हे प्रमाण 59 टक्के होते. प्रार्थना औषधासारखी ठरावीक मात्रेत लागू पडते, या समजुतीला या आकड्यांनी कोणताच आधार दिला नाही. श्रद्धावंताने हे मोकळेपणाने मान्य करावे. विसंबणे हा एक संबंध आहे. त्याची सिद्धता आकडेवारीत मिळत नाही. म्हणूनच उपचार म्हणून त्याची जाहिरात करण्याचा अधिकारही कुणाला नाही.

मग अशा विसंबण्याने माणूस हातपाय गाळून बसेल, ही भीती उरते. तिचे उत्तर मिरजेत सापडते. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय तिथे 1894 मध्ये सुरू झाले, पाठोपाठ वैद्यकीय शिक्षणही. ज्या धर्माने रोग्यासाठी प्रार्थना शिकवली, त्यातूनच हे रुग्णालय उभे राहिले. देवावर भिस्त आणि डॉक्टरवर भरवसा यांत निवड करायला लावणारी शिकवण या परंपरेशीच विसंगत आहे. म्हणून रोग्याच्या उशाशी प्रार्थना जरूर करावी. पण त्याचा विश्वास मोजू नये आणि त्याच्या गोळ्या बंद करू नयेत.