कुत्रा शी खातो तेव्हा

आमची चिंगी दीड वर्षांची असतानाची गोष्ट. सोसायटीच्या मागच्या हिरवळीवर तिनं शी केली, वळून हुंगली आणि मी पिशवी उघडेपर्यंत खाऊनही टाकली. मी जोरात ओरडलो, पट्ट्याला हिसका दिला. घरी आल्यावर आई म्हणाली, "पोटभर घालत नसशील तिला." शेजारच्या काकूंच्या मते कॅल्शियम कमी पडत होतं. फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी तर तिचं नाक त्यात घासायला सांगितलं, म्हणजे पुन्हा करणार नाही. कुत्रा पाळणाऱ्या घरांत हे तिन्ही सल्ले हमखास मिळतात. पहिले दोन बहुतेक वेळा चुकीचे असतात. तिसरा तर क्रूर आहे.

आपल्याला शिसारी येते, म्हणून आपण कुत्र्यात विकृती शोधतो. कुत्र्याच्या लेखी मात्र विष्ठा म्हणजे घाण नसतेच. कुत्री व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे पाहा. पिल्लांना स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई त्यांना चाटते तेव्हाच ती होते आणि आईच ती खाऊन जागा स्वच्छ ठेवते. पुढे पिल्लं जग तोंडानं तपासू लागतात, तेव्हा त्यांच्या तोंडात माती जाते, चप्पल जाते आणि शीसुद्धा जाते. त्यातली बरीच मोठी होताना हे आपोआप सोडतात.

काही मोठी कुत्रीही खातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये याविषयीचं मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यातली सुमारे 16 टक्के कुत्री वारंवार शी खाणारी निघाली. ही सवय आणि आहाराचा प्रकार यांचा संबंध आढळला नाही. वयाशी किंवा घरात शी-शूची शिस्त लागण्याशीही नाही. संबंध दिसला तो हावरटपणाशी. जी कुत्री वाटीतलं अन्न अधाशासारखी संपवतात, त्यांच्यात हे जास्त होतं. एकापेक्षा जास्त कुत्री असलेल्या घरांतही जास्त होतं.

त्याच अभ्यासातली मला सर्वांत उलगडा करणारी वाटलेली गोष्ट वेगळी आहे. ही कुत्री बहुतेक करून ताजी, दोन दिवसांच्या आतली शीच खातात. जंतांची अंडी शीतून बाहेर पडली की लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना तयार व्हायला वेळ लागतो. लांडग्यांच्या कळपात एखाद्या आजारी सदस्यानं गुहेजवळच शी केली, तर ती ताजी असतानाच खाऊन टाकण्यानं पुढचा संसर्ग टळत असावा, असा या संशोधकांचा तर्क आहे. तो तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण कुत्रा मुद्दाम आपल्याला चिडवायला किंवा सूड म्हणून शी खातो, या समजुतीपेक्षा तो कितीतरी पटण्यासारखा आहे.

म्हणून काळजीच करायची नाही, असं मात्र नाही. मोठ्या कुत्र्यानं पूर्वी कधी न केलेलं हे अचानक सुरू केलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सोबत वजन उतरत असेल, शी पातळ आणि तेलकट असेल, भूक प्रचंड वाढली असेल, तर स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसे न येण्याचा आजार असू शकतो. जंत, मधुमेह आणि स्टेरॉइडची औषधं यांनीही भूक वाढते. कुत्रा माती किंवा भिंतीचं प्लास्टर चाटू लागला तर रक्तही तपासून घ्यावं. आपल्याकडे गोचिडींमुळे होणारा ताप सर्रास आढळतो. त्यात रक्त कमी होतं, आणि तेव्हाही कुत्रा असं चाटू शकतो. दगड किंवा मोजे गिळणं त्याहून धोक्याचं, कारण आतडं अडलं की बहुतेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. दुसऱ्या कुत्र्याच्या शीतून पार्व्होचा विषाणू आणि जिआर्डिया हा परजीवी लगेच लागू शकतात. त्यामुळे लस आणि जंताचं औषध वेळेवर द्यावं.

गावाकडची कुत्री शेण आणि लेंड्याही आवडीनं खातात. एरवी त्यानं फारसं बिघडत नाही. पण जनावराला आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर ते शेणातून बाहेर पडतं. कॉलीसारख्या काही मेंढपाळ जातींत या औषधाचा परिणाम थेट मेंदूवर होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो.

गवत खाणं म्हणजे पोट बिघडल्याची खूण, ही आणखी एक पक्की समजूत. डेव्हिसमध्येच 2008 साली प्रसिद्ध झालेल्या दीड हजारांहून अधिक कुत्र्यांच्या सर्वेक्षणात, गवत खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री दहा टक्क्यांहूनही कमी होती. खाल्ल्यावर नेहमी उलटी करणारीही 22 टक्केच होती. गवतावर कीटकनाशक मारलेलं नाही ना, एवढं पाहावं.

आता उपाय. अन्नावर टाकायच्या पुड्या बाजारात मिळतात, कुणी अननस खायला घालतं. हार्ट यांच्या सर्वेक्षणात अशा उत्पादनांचं यश शून्य ते दोन टक्के एवढंच भरलं. शिकवून सोडवण्याचे उपायही फारसे चालले नव्हते. मारण्यानं किंवा नाक घासण्यानं तर कुत्रा इतकंच शिकतो, की माणूस जवळ यायच्या आत पटकन गिळावं किंवा त्याच्यापासून लपून शी करावी.

खरा गुण येतो तो वेळेवर उचलण्यानं. फिरायला पट्टा आखूड धरावा, शी होताच कुत्र्याला प्रेमानं हाक मारून खाऊ द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं पिशवीत ती भरावी. "सोड" हा शब्द आधी घरात, चपातीच्या तुकड्यावर शिकवावा. दिवसभर एकटं राहणाऱ्या कुत्र्याला जास्त फिरवावं, हुंगायला भरपूर वेळ द्यावा.

चिंगी आता चार वर्षांची आहे. शी झाली की ती आधी माझ्या खिशाकडे बघते, कारण तिथं उकडलेल्या चिकनचा तुकडा असतो. पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढतं, खाली काय पडलंय ते दिसत नाही. तेव्हा मी पट्टा अजूनही सोडत नाही.